लासाना दियाराचा अडलेला दाखला

माझे वडील बदलीच्या नोकरीत होते. एका जूनमध्ये आम्ही गाव बदललं, नव्या शाळेत जागाही मिळाली, पण जुन्या शाळेनं कुठल्याशा थकीत फीच्या वादावरून माझा दाखला अडवून ठेवला. नवी शाळा म्हणायची, दाखला आणा, आजच वर्गात बसवतो. जुनी म्हणायची, हिशेब मिटवा, आजच देतो. वाद वडिलांचा आणि शाळेचा होता, तीन आठवडे घरी बसलो मी.

युरोपीय संघाच्या न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लक्झेंबर्गमध्ये दिलेला एक निकाल वाचताना ते तीन आठवडे आठवले. त्या खटल्यातल्या माणसाचं अख्खं वर्ष गेलं होतं. तो फ्रान्सकडून खेळलेला, रेआल माद्रिदसाठी खेळलेला व्यावसायिक फुटबॉलपटू होता. त्याचा जो कागद अडला होता तोही एका परीनं शाळा सोडल्याचा दाखलाच होता.

निकाल आल्यावर बातम्यांचे मथळे दोन टोकांना गेले. काहींनी लिहिलं की आता फुटबॉलपटूंची खरेदी-विक्रीच बंद होणार, काहींनी लिहिलं की विशेष काही घडलेलं नाही. दोन्ही खरं नाही. पण निकाल वाचायला गेलं की पहिल्याच पानावर कलम १७, कलम ४५, कलम १०१ असे आकडे समोर येतात आणि माणूस वाचणं सोडतो. म्हणून आधी माणूस पाहू, मग नियम, मग निकाल.

दियारा कोण?

लासाना दियारा १० मार्च १९८५ ला पॅरिसमध्ये जन्मला. घराणं मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचं. समुद्राकाठच्या ल आव्र या शहरातल्या क्लबात तो तयार झाला. हा क्लब पोरं घडवण्यासाठीच ओळखला जातो. पॉल पोग्बाही पुढे याच मैदानातून गेला. दियारा बचावात्मक मधल्या फळीत खेळायचा, म्हणजे समोरच्याचा हल्ला आपल्या बचावफळीपर्यंत पोचायच्या आधीच मोडायचा आणि चेंडू शांतपणे सहकाऱ्याकडे सोपवायचा. या जागेवरच्या खेळाडूला गोल मिळत नाहीत. फ्रान्ससाठी तो ३४ सामने खेळला आणि एकही गोल केला नाही. त्याचं काम पाहायचं असेल तर चेंडूवरची नजर काढून मैदानाच्या मधोमध ठेवावी लागते.

२००५ मध्ये तो इंग्लंडमधल्या चेल्सी क्लबात गेला. तिथे त्याच्याच जागेवर या कामासाठी नावाजलेला फ्रेंच खेळाडू, खुद्द क्लोद माकेलेले होता, आणि दियाराला सगळे 'नवा माकेलेले' म्हणायचे. जुना अजून खेळत असताना नव्याला जागा कुठून मिळणार? २००७ मध्ये तो आर्सेनलला गेला आणि काही महिन्यांतच, जानेवारी २००८ ला, पोर्ट्समथला. त्याच मे महिन्यात पोर्ट्समथनं एफए कप जिंकला. जानेवारी २००९ मध्ये त्याला रेआल माद्रिदनं घेतलं.

नियमांच्या कागदांशी त्याची गाठ तिथेही पडली होती. रेआलनं त्या जानेवारीत दोन खेळाडू घेतले, दियारा आणि डच आघाडीवीर क्लास-यान हुंटेलार. दोघेही त्याच हंगामात आधीच्या क्लबकडून यूएफा कप या युरोपीय क्लबस्पर्धेत खेळून आले होते आणि नियमानं अशा एकाच खेळाडूचं नाव चॅम्पियन्स लीगसाठी नोंदवता येत होतं. रेआलनं दियाराचं नाव दिलं. २०११ चा स्पॅनिश चषक आणि २०१२ चं लीग विजेतेपद त्यानं माद्रिदमध्ये पाहिलं.

मग आलं रशिया. २०१२ मध्ये तो दागेस्तानच्या आंझी मखाचकला या क्लबात गेला. अब्जाधीश सुलेमान करीमोव यांनी तिथे पैसा ओतला होता. वर्षभरात मालकाचं मन बदललं, खर्चाला कात्री लागली आणि महागडे खेळाडू एकेक करून बाहेर पडले. ऑगस्ट २०१३ मध्ये दियारानं लोकोमोटिव मॉस्कोशी चार वर्षांचा करार केला. वय २८.

खेळाडू 'विकला' जातो म्हणजे काय होतं?

आपण सर्रास म्हणतो की अमक्या क्लबनं तमक्याला इतक्या कोटींना विकत घेतलं. माणूस काही विकला जात नाही. खेळाडू हा क्लबचा मुदतीच्या करारावरचा नोकर असतो. मुदत संपायच्या आत तो दुसरीकडे जाणार असेल तर जुन्या क्लबनं करार सोडायला तयार व्हावं लागतं. त्या तयारीची किंमत म्हणजे बदलीशुल्क. नवा क्लब जुन्या क्लबला पैसे देतो ते 'याला मोकळं करा' यासाठी.

जगभरात २०२३ या एका वर्षात पुरुष खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदल्यांवर असे ९६३ कोटी डॉलर खर्च झाले. तरी बहुसंख्य बदल्यांमध्ये एक पैसाही हात बदलत नाही, कारण करार संपलेलाच असतो. वर्तमानपत्रात येतात त्या मूठभर.

आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये यातला अर्धा भाग ओळखीचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे एनओसी मागितली. ती मिळाली, आणि नंतर त्याचं मन बदललं म्हणून त्यानं अर्ज मागे घेतला. म्हणजे संघ बदलायचा तर जुन्या घरचा कागद लागतो, हे आपल्याला नवं नाही. तो कागद द्यायला जुनं घर तयार नसेल तर काय, हा प्रश्न मात्र जयस्वालवर आला नाही. दियारावर आला.

मॉस्कोत बिनसलं

पहिलं वर्ष संपता संपता दियारा आणि लोकोमोटिव यांच्यात खटका उडाला. पगारात कपात करण्यावरून वाद असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. २२ ऑगस्ट २०१४ ला क्लबनं त्याचा करार संपवला आणि कारण दिलं त्याच्या वागण्याचं. पुढच्याच महिन्यात क्लबनं जगभरचं फुटबॉल चालवणाऱ्या फिफाच्या वादनिवारण कक्षाकडे जाऊन त्याच्याकडून २ कोटी युरोंची भरपाई मागितली. दियारानं उलट दावा लावला की माझाच पगार थकलाय.

इथे वाचणाऱ्याला अडखळायला होतं. काढून टाकलं क्लबनं, मग भरपाई खेळाडूनं का द्यायची? कायद्याचं उत्तर असं की नोकरानं कराराची इतकी पायमल्ली केली की मालकाला त्याला ठेवणंच अशक्य झालं, तर करार मोडणारा नोकरच धरला जातो, पत्रावर सही कुणाचीही असो. दियाराच्या बाबतीत तसं घडलं होतं की नाही, हाच वाद होता. कक्षानं क्लबचं म्हणणं बऱ्याच अंशी मान्य केलं आणि त्याला १ कोटी ५ लाख युरो भरायला सांगितले. लोझानच्या क्रीडा लवादानं २०१६ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

हा भाग मी मुद्दाम लपवत नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयानं दियाराला लोकोमोटिवच्या भांडणात निर्दोष ठरवलेलं नाही. न्यायालयासमोर तो प्रश्नच नव्हता. त्याच्यासमोरचा प्रश्न असा होता: भांडण चालू असताना, आणि त्यात माणूस हरला तरीसुद्धा, त्याला दुसरीकडे काम करू द्यायचं की नाही?

दाराला लावलेली कुलपं

फिफाच्या नियमांनी ते दार कसं बंद केलं होतं ते नीट पाहू. लेखातला अवघड भाग एवढाच.

पहिलं कुलूप भरपाईच्या रकमेचं. सबळ कारणाशिवाय करार मोडला तर खेळाडूनं भरपाई द्यायची, हे ठीक. पण किती? नियमात हिशेबाचं सूत्र नव्हतं, विचारात घ्यायच्या गोष्टींची यादी होती: उरलेला पगार, नव्या क्लबचा पगार, जुन्या क्लबनं त्याला आणताना केलेला खर्च, त्या देशाचा कायदा, आणि 'खेळाचं वेगळेपण' नावाची एक धूसर गोष्ट. घरमालक म्हणाला की मुदतीआधी खोली सोडलीस तर दंड भरावा लागेल, पण तो किती हे तू गेल्यावर ठरवू, तर भाडेकरू हलणारच नाही. रक्कम मोठी आहे यापेक्षा ती आधी कळत नाही, याचा धाक जास्त.

दुसरं कुलूप सक्तीच्या जामीनदाराचं. ही भरपाई खेळाडू आणि त्याला घेणारा नवा क्लब या दोघांनी मिळून देणं बंधनकारक होतं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं समजवायला नको. कर्ज घेतं एक जण, नोटीस येते दुसऱ्याच्या दारात. इथे तर नव्या क्लबनं जामीनपत्रावर सहीही केलेली नसायची. त्या खेळाडूला नोकरी दिली, हीच सही.

तिसरं कुलूप संशयाचं. काही ठरावीक काळात करार मोडून आलेल्या खेळाडूला घेतलं तर नव्या क्लबनंच त्याला फूस लावली असं धरूनच चालायचं. आम्ही फूस लावली नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी क्लबची. जमलं नाही तर दोन बदली-हंगामांत, म्हणजे खेळाडू नोंदवण्याच्या ठरलेल्या दोन मुदतींत, एकही नवा खेळाडू नोंदवता येणार नाही. याची झळ आधी बसलेली होती. २००४ मध्ये फिलिप मेक्सेस हा फ्रेंच बचावपटू ओसेर सोडून करार मोडून रोमाला गेला. ओसेरला ७० लाख युरो मिळाले आणि रोमावर खेळाडू नोंदवण्याची बंदी आली. ते प्रकरण सगळ्या क्लबांच्या वकिलांना पाठ होतं.

आणि चौथं, दाखल्याचं. परदेशी क्लबात नोंदणी व्हायची तर जुन्या देशाच्या फुटबॉल महासंघानं आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र द्यावं लागतं. यापुढे त्याला दाखलाच म्हणू. करारावरून जुन्या क्लबशी वाद चालू असेल तर तो दाखला देऊ नये, असं नियमातच होतं. नोकरी असली, पगार ठरला, तरी दाखल्याशिवाय अधिकृत सामन्यात पाऊल ठेवता येत नाही.

आता हे सगळं एकत्र करून शार्लरुआ या बेल्जियन क्लबाच्या खुर्चीत बसा. फेब्रुवारी २०१५. रेआल माद्रिदसाठी खेळलेला, फ्रान्सकडून खेळलेला माणूस रिकामा बसलाय. एरवी इतक्या लहान क्लबाला असा खेळाडू कुठून मिळायचा? त्यांनी १९ फेब्रुवारीला त्याला नोकरीचं पत्र दिलं, पण दोन अटी घालून. एक, त्याची रीतसर नोंदणी झाली पाहिजे आणि तो खेळायला पात्र असला पाहिजे. दोन, लोकोमोटिवला द्यायच्या कुठल्याही भरपाईत आमचा वाटा नसेल, असं लेखी हवं.

दियाराच्या वकिलांनी फिफाला आणि बेल्जियन महासंघाला विचारलं. फिफानं कळवलं की यावर आमची निर्णय घेणारी समितीच बोलू शकते. बेल्जियन महासंघ म्हणाला, रशियातून दाखला आल्याशिवाय आम्ही नोंदणी करू शकत नाही. शार्लरुआनं पाऊल मागे घेतलं. वय २९, फुटबॉलपटूच्या आयुष्यातलं ऐन भरातलं वर्ष, आणि २०१४-१५ चा अख्खा हंगाम कोरा गेला.

पुढे काय झालं ते फार बोलकं आहे. हंगाम संपत आला तेव्हा फिफाच्या कक्षानं भरपाईचा निर्णय देतानाच म्हटलं की या खेळाडूच्या नव्या क्लबला जामीनदार धरलं जाणार नाही. दुसरं कुलूप उघडलं आणि जुलै २०१५ मध्ये फ्रान्समधल्या मार्से क्लबनं त्याला घेतलंसुद्धा. खेळात काहीच उणं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये, पाच वर्षांच्या खंडानंतर, तो पुन्हा फ्रान्सकडून खेळला. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसमधल्या स्टेडियमबाहेर स्फोट झाले तेव्हा तो जर्मनीविरुद्ध मैदानावर होता. त्या रात्रीच्या हल्ल्यांत त्याची चुलत बहीण गेली. चार दिवसांनी लंडनमध्ये तो पुन्हा फ्रान्सच्या संघात होता.

मग खटला कुणाविरुद्ध?

लोकोमोटिवविरुद्ध नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दियारानं बेल्जियममध्ये फिफा आणि बेल्जियन महासंघ यांच्यावर ६० लाख युरोंचा दावा लावला: तुमच्या नियमांमुळे माझी शार्लरुआची नोकरी गेली, त्याचं नुकसान भरून द्या. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला. फिफानं अपील केलं. २०२२ मध्ये माँस शहरातल्या अपील न्यायालयानं लक्झेंबर्गला विचारलं की हे नियम युरोपीय कायद्यात बसतात का?

रशियन क्लबाच्या भांडणात युरोपीय कायदा कुठून आला, असं काही जण विचारतात. नोकरी देणारा क्लब बेल्जियन होता, नोकरी घेणारा फ्रेंच नागरिक होता. युरोपीय संघाच्या एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात जाऊन काम करण्याचा हक्क आहे, आणि अडला तो हक्क. अडवणाऱ्या नियमाचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या फिफाच्या कार्यालयात असलं म्हणून काय झालं?

न्यायालय काय म्हणालं

दोन गोष्टी म्हणालं. हे नियम कामगाराला एका देशातून दुसऱ्या देशात जायला अडथळा आणतात. स्पर्धा सुरळीत चालाव्यात हा हेतू योग्य आहे, पण त्यासाठी लागतं त्यापेक्षा हे नियम बरेच पुढे जातात. आणि दुसरं, हे नियम क्लबांमधली स्पर्धा मारतात. मैदानावरची नव्हे, खेळाडूला नोकरीवर घेण्याची. कारण सगळ्या क्लबांनी आपसांत 'मी तुझ्या माणसाला हात लावणार नाही, तू माझ्या लावू नकोस' असा समझोता करावा, तसा त्यांचा परिणाम होतो.

हा दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. एका औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या कारखानदारांनी एकत्र बसून ठरवलं की कुणीही दुसऱ्याचा फिटर घ्यायचा नाही, तर फिटरचा पगार कधी वाढेल? फुटबॉलमध्ये असं ठरवायला कुणी बसलं नव्हतं, नियमपुस्तकानंच ते काम केलं होतं.

न्यायालयानं काय म्हटलं नाही, तेही बघायला हवं. करार मोडला तर भरपाई नको, असं म्हटलेलं नाही. संघ एका हंगामापुरता तरी स्थिर राहावा यासाठी नियम करूच नयेत, असंही नाही. आक्षेप आहे तो हिशेब धूसर असण्याला, नव्या क्लबला डोळे झाकून गुंतवण्याला, आणि वाद आहे एवढ्याच कारणावरून दाखला रोखण्याला.

हे सगळं बोसमननं सोडवलं नव्हतं का?

फुटबॉल पाहणाऱ्या जुन्या मंडळींचा हा हमखास प्रश्न. ज्याँ-मार्क बोसमन हा बेल्जियन खेळाडू. १९९० मध्ये त्याचा लिएजच्या क्लबशी करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. पण त्या काळी करार संपल्यावरही जुना क्लब शुल्क मागू शकत असे, आणि तसंच झालं. १५ डिसेंबर १९९५ ला याच न्यायालयानं सांगितलं की युरोपीय संघात करार संपलेला खेळाडू मोकळा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात किलियन एम्बाप्पे पॅरिस सोडून माद्रिदला गेला आणि पॅरिसच्या क्लबला बदलीशुल्क मिळालं नाही, ते बोसमनमुळे.

म्हणजे बोसमनचा निकाल करार संपल्यानंतरचा आणि दियाराचा करार चालू असतानाचा. पहिल्यानं घराबाहेर पडायचं मागचं दार उघडलं, दुसरा पुढच्या दाराच्या कुलपांविषयी आहे. दोन्ही खटल्यांत खेळाडूचा वकील एकच होता, ज्याँ-लुई द्युपाँ.

कोट्यधीशांचं गाऱ्हाणं आपण का ऐकायचं?

हा आक्षेप मनापासून येतो आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. दियारा गरीब नव्हता. वर्षभर घरी बसूनही तो उपाशी राहिला नाही. पण नियम सगळ्यांना एकच होता. तिसऱ्या श्रेणीत खेळणारा, महिन्याच्या पगारावर घर चालवणारा, पगार थकला म्हणून क्लब सोडू पाहणारा खेळाडूही त्याच दाखल्यावर अडकायचा. दियाराकडे नऊ वर्षं खटला चालवण्याइतके पैसे आणि चिकाटी होती. ज्यांच्याकडे नव्हती ते अडवल्या जागी राहिले किंवा खेळ सोडून गेले आणि त्यांच्या नावाचा निकाल कुठेच नाही.

शिवाय फुटबॉलपटूची कमाईची वर्षं किती? पंधरा मिळाली तर फार झालं. शिक्षकाचं एक वर्ष अडलं तर ते पुढे भरून काढायला पंचवीस वर्षं असतात.

मग खेळाडू हंगामाच्या मध्यात उड्या मारत सुटतील

नाही मारणार, कारण बदल्यांच्या मुदती या निकालानं उडवलेल्या नाहीत. वर्षातून दोनदा, ठरलेल्या काळातच नोंदणी होते. २००० मध्ये याच न्यायालयानं फिनलंडचा बास्केटबॉलपटू युरी लेहतोनेन याच्या खटल्यात मान्य केलं होतं की स्पर्धा ऐन रंगात आलेली असताना संघ बदलू नयेत म्हणून अशा मुदती ठेवण्याला आधार असू शकतो. शेवटच्या आठवड्यात पैसेवाल्या संघानं प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक पळवावा, असं कुणालाच नको आहे.

करार सोडण्याची किंमत आधीच ठरवून ठेवण्याचा मार्गही जुना आहे. स्पेनमध्ये १९८५ च्या एका सरकारी आदेशानं खेळाडूला ठरलेली रक्कम भरून करारातून बाहेर पडता येतं. २०१७ मध्ये नेमारच्या बार्सिलोनाच्या करारात २२ कोटी २० लाख युरो लिहिले होते, ते भरले गेले आणि तो पॅरिसला गेला. आकडा अवाढव्य असेल, पण तो सही करताना दोघांना माहीत होता. स्पेनमधलं फुटबॉल त्यानं कोलमडलं नाही.

पोरं घडवणाऱ्या लहान क्लबांचं काय?

माझ्या मते सगळ्यात वजनदार आक्षेप हाच. बदलीशुल्क कमी झालं तर श्रीमंतांचं फारसं बिघडणार नाही, ल आव्रसारख्या क्लबांचं बिघडेल. आज परदेशी बदलीच्या प्रत्येक शुल्कातला ५ टक्के हिस्सा त्या खेळाडूला १२ ते २३ या वयात ज्यांनी शिकवलं त्या क्लबांमध्ये वाटला जातो. पोग्बाला २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं १० कोटी ५० लाख युरोंना घेतलं तेव्हा ल आव्रच्या तिजोरीतही त्यातला वाटा आला. शुल्कच नसेल तर पाच टक्के कशाचे?

या निकालानं हा हिस्सा काढलेला नाही. पण खेळाडू भरपाई देऊन, शुल्काशिवाय निघून जाऊ लागले तर हा झरा आटू शकतो, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणून खेळाडूला अडकवून ठेवणं मला पटत नाही. एखाद्या गावच्या तालमीला पैसे मिळावेत म्हणून पैलवानाला दुसऱ्या फडात जाऊच द्यायचं नाही, असं आपण म्हणू का? तालमीसाठी वेगळा निधी उभारावा. टीव्हीच्या हक्कांतून येणाऱ्या पैशातून तो उभारता येईल. ते करायचं की नाही हे फुटबॉल चालवणाऱ्यांच्या हातात आहे.

निकालानंतर काय बदललं

डिसेंबर २०२४ मध्ये फिफानं तात्पुरते नियम आणले आणि १ जानेवारी २०२५ पासून ते लागू झाले. भरपाई आता प्रत्यक्ष नुकसान किती झालं यावरून ठरवायची आहे. नव्या क्लबनं फूस लावली असं ज्याचं म्हणणं असेल त्यानंच ते सिद्ध करायचं, आणि तसं सिद्ध झालं तरच नवा क्लब भरपाईत अडकतो. दाखला मागितला की जुन्या महासंघानं ७२ तासांत द्यायचा. वाद असेल तर तो वेगळा चालू राहील.

हे वाचून मला आपला शिक्षण हक्क कायदा आठवला. २००९ च्या त्या कायद्यात लिहिलंय की आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं त्याचा प्रवेश लांबवायचा नाही किंवा नाकारायचा नाही. फीचा वाद पालक आणि शाळा यांनी बघावा, पोर मात्र वर्गात बसलं पाहिजे.

लक्झेंबर्गचा निकाल भारतात लागू नाही. पण फिफानं बदललेले नियम जगभरच्या बदल्यांना लागू आहेत आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ फिफाचा सदस्य आहे. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या क्लबनं परदेशी खेळाडूशी करार केला तर त्याचा दाखलाही याच नियमांनी यायचा.

खेळाडूंच्या जागतिक संघटनेला, फिफप्रोला, हे तात्पुरते नियम पुरेसे वाटत नाहीत. आपल्याशी एकमत न करता ते आणले, असं तिचं म्हणणं आहे. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका प्रतिष्ठाननं हजारो खेळाडूंच्या वतीनं फिफा आणि काही युरोपीय महासंघांकडून भरपाई मागण्याची तयारी जाहीर केली. दियाराचा स्वतःचा दावा बेल्जियममध्ये परत आला आहे आणि आता त्याची मागणी ६ कोटी ५० लाख युरोंची आहे.

दियारा स्वतः फेब्रुवारी २०१९ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये असताना खेळातून निवृत्त झाला. निकाल आला तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. शार्लरुआच्या त्या पत्रातली पहिली अट होती नोंदणीची, आणि आजच्या नियमांत त्यासाठीचा दाखला तीन दिवसांत यायचा. दुसरी होती जामीनदारीची, आणि आजच्या नियमांत शार्लरुआला भरपाईत अडकवायचं तर त्या क्लबनं त्याला मॉस्कोतून फोडून आणलं असं कुणाला तरी दाखवावं लागलं असतं. ते पत्र आलं तेव्हा त्याला मॉस्कोतून काढून सहा महिने होत आले होते.